अनेक डिस्क असलेल्या सर्व्हरमधील बूट क्रमाचे दोष : कारणे, निदान व निवारण

सारांश

अनेक हार्ड डिस्क जोडलेला सर्व्हर एखाद्या दिवशी सुरू झाला नाही, की डिस्क निकामी झाली असा पहिला तर्क केला जातो. प्रत्यक्षात कित्येक वेळा सर्व डिस्क सुस्थितीत असतात; आरंभ कोणत्या डिस्कपासून करावयाचा, याविषयी यंत्राच्या निरनिराळ्या घटकांत एकमत उरलेले नसते, एवढेच. प्रस्तुत लेखात संगणकाच्या आरंभाची साखळी, त्या साखळीतील डिस्कचे चार वेगवेगळे क्रम, ते बिघडण्याची कारणे, पडद्यावरील संदेशावरून दोषाचे स्थान ओळखण्याची रीत आणि माहितीला धक्का न लावता करावयाचे निवारण यांचे विवेचन केले आहे. डिस्कला तिच्या क्रमांकाने न ओळखता तिच्या स्थिर ओळखीने ओळखणे हाच या दोषावरील टिकाऊ उपाय होय, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

मुख्य संज्ञा : बूट क्रम, बायोस, यूईएफआय, बूट लोडर, ग्रब, रेड, यूयूआयडी.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचा परीक्षा विभाग, सहकारी पतसंस्था, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष किंवा ग्रंथालय, यांपैकी अनेक ठिकाणी आज एखादा सर्व्हर अहोरात्र चालू असतो. घरगुती संगणकाला बहुधा एक डिस्क पुरते. सर्व्हरमध्ये मात्र एका डिस्कवर कार्यप्रणाली, दुसऱ्या दोन-तीन डिस्कवर संस्थेची माहिती आणि बाहेरून जोडलेल्या यूएसबी डिस्कवर रात्रीची सुरक्षा प्रत, अशी वाटणी आढळते.

असा सर्व्हर महिनोन् महिने बंद केला जात नाही. त्यामुळे बूट क्रमाच्या दोषाला एक विलक्षण स्वभाव प्राप्त होतो. मार्च महिन्यात कोणी नवी डिस्क बसवली, एप्रिलमध्ये कोणी यूएसबी डिस्क कायमची जोडून ठेवली, तरी चालू सर्व्हरवर त्याचा काहीही परिणाम दिसत नाही. जूनमधील पहिल्या पावसात वीज जाते, सर्व्हर पुन्हा चालू केला जातो आणि तेव्हा तो उभा राहत नाही. कारण आणि परिणाम यांत तीन महिन्यांचे अंतर पडल्यामुळे कारणाकडे कोणाचेही लक्ष जात नाही आणि सगळा दोष विजेच्या माथी मारला जातो.

याहून गंभीर बाब पुढे घडते. सर्व्हर सुरू होत नाही, बाहेर माणसे खोळंबली आहेत, अशा घाईत कार्यप्रणाली नव्याने बसवण्याचा निर्णय घेतला जातो. कार्यप्रणाली बसवणारा प्रोग्राम डिस्कची यादी स्वतःच्या क्रमाने दाखवतो. त्या यादीतील पहिली डिस्क म्हणजे नेहमीची पहिली डिस्क, असे गृहीत धरून तिचे फॉरमॅटिंग केले जाते आणि जी माहिती क्षणापूर्वीपर्यंत पूर्णपणे सुरक्षित होती, ती या उपचारात नष्ट होते. म्हणून या विषयाचे ज्ञान केवळ तंत्रज्ञांपुरते मर्यादित न राहता, संस्थेत सर्व्हरची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक आहे.

२. आरंभाची साखळी

संगणक चालू करताच त्याच्या मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, प्रथम कामाला लागतो. १९८१ मधील आयबीएम पीसीपासून पुढे अनेक वर्षे हे फर्मवेअर म्हणजे बायोस होते. बायोस यंत्राची प्राथमिक चाचणी करते, जोडलेली उपकरणे शोधते आणि त्यांतील एका डिस्कचा अगदी पहिला विभाग, म्हणजे पहिला सेक्टर, स्मृतीत आणते. हा सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइट आरंभीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट खूण म्हणून राखलेले असतात. ती खूण जागेवर असली, की बायोस या प्रोग्रामच्या हाती यंत्राचा ताबा देते. डिस्कवर पुढे कार्यप्रणाली आहे की नुसत्या फायली आहेत, याची चौकशी बायोस करीत नाही.

एवढ्याशा प्रोग्रामात फारसे काही मावत नाही. त्याचे काम पुढच्या, मोठ्या प्रोग्रामला जागे करणे एवढेच असते. या मोठ्या प्रोग्रामला बूट लोडर म्हणतात. लिनक्सवर ग्रब, तर विंडोज सर्व्हर २००३ पर्यंत एनटीएलडीआर आणि विंडोज सर्व्हर २००८ पासून बूटएमजीआर हे काम करतात. बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. कर्नल स्वतःची मुख्य फाइल प्रणाली शोधून जोडतो आणि शेवटी एका तक्त्यानुसार उर्वरित डिस्क जोडल्या जातात.

यूईएफआय या नव्या फर्मवेअरची घडण वेगळी आहे. इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी विकसित केलेल्या ईएफआयमधून ते पुढे आले आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमकडे त्याचे संवर्धन गेले. यूईएफआय पहिला सेक्टर चालवीत नाही. डिस्कवरील एका विशिष्ट, फॅट पद्धतीच्या पार्टिशनमधून ते बूट लोडरची फाइल नावानिशी उचलते. कोणती फाइल आणि कोणत्या पार्टिशनमधून, याच्या नोंदी आणि त्या नोंदींचा अग्रक्रम मदरबोर्डवरील कायम स्मृतीत राहतो.

साखळी कोणतीही असो, प्रत्येक कडीला पुढच्या कडीचा पत्ता ठाऊक असावा लागतो. बूट क्रमाचा दोष म्हणजे त्यांपैकी एका कडीजवळचा पत्ता जुना होणे.

३. एक नव्हे, चार क्रम

‘पहिली डिस्क’ हा शब्दप्रयोग बोलण्यात सहज येतो. मात्र सर्व्हरमध्ये या शब्दाला किमान चार अर्थ असतात आणि ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

पहिला क्रम जोडणीचा. मदरबोर्डवरील साटा पोर्टवर किंवा डिस्क बसवण्याच्या खणांवर क्रमांक छापलेले असतात. कोणती डिस्क कोणत्या खणात, हे डोळ्यांनी पाहता येते. माणूस ज्याला पहिली डिस्क म्हणतो ती बहुधा हीच.

दुसरा क्रम फर्मवेअरचा. १९९६ मध्ये कॉम्पॅक, फीनिक्स आणि इंटेल यांनी बायोस बूट स्पेसिफिकेशन प्रसिद्ध केले. त्याला अनुसरणाऱ्या बायोसमध्ये वस्तुतः दोन याद्या असतात. पहिल्या यादीत सीडी, हार्ड डिस्क, नेटवर्क असे प्रकार असतात. त्यातील ‘हार्ड डिस्क’ या एका ओळीमागे दुसरी यादी दडलेली असते आणि अनेक हार्ड डिस्कपैकी कोणती पुढे, हे ती ठरवते. पहिल्या यादीत हार्ड डिस्क सर्वांत वर ठेवूनही सर्व्हर चुकीच्या डिस्ककडे का जातो, हे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर या दुसऱ्या यादीत असते. तिच्यात जी डिस्क सर्वांत वर, तिला बायोस षोडशमान पद्धतीतील ८० हा क्रमांक देते, पुढचीला ८१, याप्रमाणे. म्हणजे यादीतील वर-खाली केवळ पसंती बदलत नाही; सर्व डिस्कचे क्रमांकच बदलते.

तिसरा क्रम बूट लोडरचा. ग्रब डिस्कला ‘एचडी ०’, ‘एचडी १’ अशी नावे देतो आणि बायोस पद्धतीत ती वरील क्रमांकांवरूनच येतात. पार्टिशनच्या बाबतीत आणखी एक गफलत संभवते. जुना ग्रब पार्टिशन शून्यापासून मोजत असे, तर ग्रब २ डिस्क शून्यापासून व पार्टिशन एकपासून मोजतो. जुन्या टिपणावरून नव्या ग्रबला दिलेली आज्ञा म्हणूनच शेजारच्या पार्टिशनवर जाऊन आदळते.

चौथा क्रम कार्यप्रणालीचा. पूर्वीच्या आयडीई डिस्कना लिनक्समध्ये एचडीए, एचडीबी अशी नावे मिळत आणि ती केबलवरील जागेशी बांधलेली असत. दुसऱ्या केबलवरची मुख्य डिस्क ही एकटी असली तरी एचडीसीच. साटा, सॅस व यूएसबी डिस्कना मिळणारी एसडीए, एसडीबी ही नावे तशी नाहीत. कर्नलला जी डिस्क आधी सापडली ती एसडीए. शोधण्याचे काम समांतर चालत असल्याने, काहीही बदल केलेला नसताना दोन वेगवेगळ्या आरंभांत ही नावे अदलाबदल होऊ शकतात. विंडोज सर्व्हर २००३ पर्यंतच्या बूट डॉट आयएनआय या फाइलमध्येही डिस्कचा उल्लेख क्रमांकानेच होत असे.

४. क्रम बिघडण्याची प्रमुख कारणे

१) नवी डिस्क जोडणे. नवी डिस्क मोकळ्या असलेल्या खालच्या क्रमांकाच्या पोर्टवर लावली, की कर्नलला ती आधी सापडू शकते. फर्मवेअरही तिला यादीत कोठे घालेल, हे त्याच्या घडणीवर अवलंबून असते.

२) यूएसबी डिस्क जोडलेली राहणे. कित्येक बायोस यूएसबी डिस्कला हार्ड डिस्क समजून यादीत वर घेतात. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये वर उल्लेखिलेली खूण असली, तर बायोस तिच्याकडे ताबा सोपवून मोकळे होते आणि काळ्या पडद्यावर केवळ एक लुकलुकणारी रेघ उरते.

३) मदरबोर्डवरील बॅटरी संपणे. अनेक मदरबोर्डवर सीआर २०३२ ही तीन व्होल्टची, नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. ती संपली आणि वीजही गेली, की बायोसच्या जुळण्या मूळ स्थितीला जाऊ शकतात. त्यांत डिस्कचा क्रम तर जातोच, शिवाय साटा नियंत्रकाची एएचसीआय ही पद्धत बदलून आयडीई होण्याचा संभव असतो. मग विंडोज आरंभ करते, परंतु स्वतःची डिस्क न सापडल्याने निळा पडदा दाखवून थांबते. घड्याळात अनेक वर्षांपूर्वीची तारीख दिसणे ही या कारणाची सोपी खूण.

४) नियंत्रक कार्ड बदलणे किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवणे. दोन नियंत्रक असलेल्या सर्व्हरमध्ये कोणाच्या डिस्क आधी मोजावयाच्या, हे यामुळे बदलते.

५) बूट लोडर एका डिस्कवर आणि कार्यप्रणाली दुसऱ्या डिस्कवर असणे. जुनी डिस्क तशीच ठेवून नव्या डिस्कवर विंडोज बसवली, तर आरंभाच्या फायली जुन्या डिस्कवरील आधीच्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात. पुढे कधीतरी ‘ही डिस्क आता उपयोगाची नाही’ म्हणून ती काढली जाते आणि नव्या डिस्कवर सर्व काही असूनही सर्व्हर सुरू होत नाही.

६) डिस्कची हुबेहूब प्रत करून दोन्ही डिस्क एकाच यंत्रात ठेवणे. अशा वेळी दोन डिस्कची ओळखही एकच होते. विंडोज दोघींपैकी एका डिस्कला ऑफलाइन ठेवते. लिनक्समधील एक्सएफएस ही फाइल प्रणाली समान ओळख असलेली दुसरी प्रत जोडण्यास नकार देते.

५. संदेशावरून दोषाची जागा

रुग्ण तपासताना वैद्य जसा ‘नेमके कोठे दुखते’ असे प्रथम विचारतो, तसे येथे साखळी कोणत्या कडीशी तुटली हे प्रथम पाहावे. पडद्यावरील शेवटचा संदेश हे सांगतो. तो लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे आणि मगच कळीला हात लावावा.

बूट करण्याजोगे उपकरण नाही, अशा अर्थाचा फर्मवेअरचा संदेश आला, तर दोष पहिल्या कडीत आहे. डिस्क फर्मवेअरला दिसत नाही, अग्रक्रम चुकला आहे किंवा बायोस व यूईएफआय या पद्धतींची गल्लत झाली आहे, अशा तीन शक्यता असतात. यूईएफआय पद्धतीने बसवलेली कार्यप्रणाली जुन्या बायोस पद्धतीने सहसा सुरू होत नाही आणि याउलटही तेच.

एनटीएलडीआर किंवा बूटएमजीआर सापडत नाही, असा संदेश आला, तर आरंभीचा प्रोग्राम मिळाला. त्याच्या मागे असावयास हव्या त्या फायली मिळाल्या नाहीत. हे बहुधा माहितीच्या डिस्ककडे ताबा गेल्याचे लक्षण असते.

ग्रबचा ‘रेस्क्यू’ असा संकेत दिसला, तर ग्रबचा गाभा सुरू झाला, मात्र त्याला स्वतःच्या उर्वरित फायलींचे पार्टिशन सापडले नाही किंवा सापडलेल्या फायली त्याच्याशी जुळल्या नाहीत. जुन्या ग्रबमध्ये हेच क्रमांकांनी कळत असे. त्रुटी १५ म्हणजे फाइल नाही, १७ म्हणजे निवडलेले पार्टिशन जोडता येत नाही, २१ म्हणजे निवडलेली डिस्कच अस्तित्वात नाही आणि २२ म्हणजे असे पार्टिशन नाही.

कर्नल सुरू होऊन मुख्य फाइल प्रणाली जोडता येत नाही, अशी तक्रार आली, तर फर्मवेअर व बूट लोडर दोघेही निर्दोष असतात. कर्नलला दिलेला पत्ता जुना आहे किंवा त्या नियंत्रकाचा चालक प्रोग्राम आरंभीच्या स्मृतिचित्रात नाही, असे समजावे.

लिनक्स बरेच पुढे जाऊन ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबले, तर बूट क्रमाशी संबंध अत्यंत क्षीण असतो. एफएसटॅब या तक्त्यात नोंदवलेली एखादी डिस्क जागेवर नसणे, हे त्याचे नेहमीचे कारण. सिस्टमडी अशा डिस्कची सर्वसाधारणपणे ९० सेकंद वाट पाहते आणि मग थांबते. अनेकदा तक्त्यातील ती नोंद रात्रीच्या प्रतीसाठीच्या यूएसबी डिस्कची असते.

६. निदानाची पायरीवार पद्धत

या पद्धतीचे सूत्र असे की, ज्या कृतीने डिस्कवर काहीही लिहिले जात नाही ती आधी करावी आणि लिहिणारी कृती सर्वांत शेवटी करावी.

१) मागील आरंभापासून काय बदलले याची चौकशी करावी. नवी डिस्क, नवे कार्ड, फर्मवेअरची नवी आवृत्ती, बाहेरून जोडलेले उपकरण, सफाईसाठी काढून पुन्हा लावलेल्या केबल, या सर्वांची विचारपूस करावी.

२) सर्व्हर पूर्ण बंद करून यूएसबी डिस्क, पेन ड्राइव्ह व सीडी काढावी आणि पुन्हा सुरू करून पाहावे. कित्येक प्रकरणे येथेच मिटतात.

३) फर्मवेअरच्या जुळण्यांत जाऊन सर्व डिस्क दिसतात का, हे पाहावे. नुसती संख्या मोजून भागत नाही. प्रत्येक डिस्कचे मॉडेल, क्षमता आणि शक्य तेथे अनुक्रमांक टिपून घ्यावा. डिस्क दिसतच नसेल, तर प्रश्न क्रमाचा नसून केबल, वीजपुरवठा, नियंत्रक किंवा खुद्द डिस्कचा असतो आणि पुढील पायऱ्या व्यर्थ ठरतात.

४) बूटची पद्धत, साटा नियंत्रकाची पद्धत आणि डिस्कची आतील, दुसरी यादी तपासावी.

५) एका वेळेपुरती डिस्क निवडण्याची सोय बहुतेक सर्व्हरमध्ये असते. तिची कळ उत्पादकानुसार बदलते आणि ती आरंभीच्या पडद्यावर दाखवलेली असते. या सोयीने एकेक डिस्क निवडून पाहावी. एखाद्या डिस्कवरून सर्व्हर व्यवस्थित उभा राहिला, तर डिस्कवरील काहीही दुरुस्त करण्याची गरज नाही, हे सिद्ध होते. केवळ फर्मवेअरमधील अग्रक्रम बदलावा आणि जतन करावा.

६) तरीही यश न आल्यास कार्यप्रणालीच्या बचाव सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे, मात्र ते मूळ सर्व्हरच्याच पद्धतीने, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय यांपैकी योग्य त्या पद्धतीने, सुरू करणे अगत्याचे आहे. लिनक्सवर एलएसबीएलके आणि बीएलकेआयडी या आज्ञा डिस्क, पार्टिशन व त्यांच्या ओळखी दाखवतात आणि काहीही लिहीत नाहीत. पार्टिशन उघडून पाहावयाचेच असेल, तर ते केवळ वाचनासाठी जोडावे. यूईएफआय यंत्रावर ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा नोंदींचा अग्रक्रम दाखवते आणि बदलतेही.

७) कोणती डिस्क कोणती, याची अनुक्रमांकासह खात्री झाल्यानंतरच लिहिणारी कृती करावी. लिनक्सवर ग्रब-इन्स्टॉल, तर विंडोजवर बूटरेक किंवा बीसीडीबूट ही साधने त्यासाठी आहेत. बूट लोडर पुन्हा बसवल्याने संस्थेच्या फायली पुसल्या जात नाहीत. परंतु तो चुकीच्या डिस्कवर बसवला, तर एका दोषाचे दोन दोष होतात.

तात्पुरती म्हणून माहितीच्या डिस्क काढून ठेवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. स्वतंत्र डिस्कच्या बाबतीत तो योग्य आहे. रेड संचातील डिस्कना मात्र असा हात लावू नये. अपुऱ्या डिस्कनिशी यंत्र सुरू झाले, तर नियंत्रक संच खंडित झाल्याची नोंद करू शकतो आणि काढलेली डिस्क परत लावताच तासन् तासांचे पुनर्बांधणीचे काम सुरू होऊ शकते.

७. जुलै २०२० मधील उदाहरण

डिस्कच्या ओळखीविषयीचा घोळ वर्षानुवर्षे कसा दबून राहतो, हे एका सार्वजनिक घटनेवरून स्पष्ट होते. २९ जुलै २०२० रोजी एक्लिप्सियम या सुरक्षा संस्थेने ग्रब २ मधील ‘बूटहोल’ नावाचा सुरक्षा दोष जाहीर केला. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांनी त्यावर ग्रबच्या सुधारित आवृत्त्या दिल्या. त्या बसवल्यानंतर उबंटू व डेबियन वापरणारी काही यंत्रे पुन्हा सुरू होईनात. पडद्यावर ‘ग्रब_कॅलॉक’ हे चिन्ह सापडत नाही, असा संदेश येऊन ती रेस्क्यू संकेताशी थांबत.

बायोस पद्धतीत ग्रबचे दोन भाग असतात. त्याचा गाभा पहिल्या सेक्टरमध्ये आणि त्यालगतच्या जागेत राहतो, तर उर्वरित भाग फाइल प्रणालीत फायलींच्या रूपाने राहतो. दोन्ही एकाच आवृत्तीचे असावे लागतात. नवी आवृत्ती आली, की गाभा कोणत्या डिस्कवर लिहावयाचा, हे ग्रबचे पॅकेज पूर्वी साठवलेल्या उत्तरावरून ठरवते. अडकलेल्या यंत्रांवर हे उत्तर आणि वस्तुस्थिती यांचा मेळ उरलेला नव्हता. डिस्क बदलल्या गेल्या होत्या किंवा फर्मवेअर भलत्याच डिस्कवरून आरंभ करीत होते. परिणामी फायली नव्या झाल्या, गाभा दुसऱ्याच डिस्कवर लिहिला गेला किंवा लिहिलाच गेला नाही, आणि फर्मवेअर जो गाभा चालवीत होते तो जुनाच राहिला. नव्या फायली जे कार्य गाभ्याकडे मागत होत्या, ते जुन्या गाभ्यात नव्हतेच.

या घटनेत एकही डिस्क बिघडली नव्हती. त्याआधीच्या आवृत्त्यांत जुना गाभा व नव्या फायली कसेबसे जुळत असल्याने विसंगती झाकलेली होती. एका सुधारणेने ती उघडी पडली. उपायही सरळ होता. बचाव माध्यमावरून यंत्र सुरू करून, फर्मवेअर ज्या डिस्कवरून खरोखर आरंभ करते त्या डिस्कवर ग्रब पुन्हा बसवणे आणि पॅकेजला पुढील काळासाठी तेच उत्तर देऊन ठेवणे.

८. रेड संच आणि बूट

दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणाऱ्या रेड १ संचाविषयी एक गैरसमज रूढ आहे. एक डिस्क गेली तरी दुसरीवरून सर्व्हर आपोआप सुरू होईल, असे मानले जाते. हार्डवेअर रेड नियंत्रक असल्यास हे बहुतांशी खरे ठरते, कारण फर्मवेअरला दोन डिस्क न दिसता नियंत्रकाने सादर केलेली एकच तार्किक डिस्क दिसते. तेथे अनेक तार्किक डिस्क केल्या असतील, तर त्यांपैकी बूटची कोणती, हे नियंत्रकाच्या स्वतःच्या जुळण्यांत सांगावे लागते. ते मदरबोर्डच्या जुळण्यांत शोधत बसल्यास सापडत नाही.

लिनक्सच्या एमडीएडीएम साधनाने केलेल्या सॉफ्टवेअर रेडमध्ये परिस्थिती निराळी असते. संच बहुधा पार्टिशनचा केलेला असतो. डिस्कचा पहिला सेक्टर व त्यालगतची जागा संचाच्या बाहेर राहते आणि तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर आपोआप होत नाही. ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर बसवलेला असला, तर ती डिस्क निकामी होताच माहिती शाबूत असूनही सर्व्हर मुका होतो. म्हणून ग्रब दोन्ही डिस्कवर बसवावा. यूईएफआय यंत्रावर दोन्ही डिस्कवर ईएफआय पार्टिशन करावे, दोहोंतील फायली समान ठेवाव्यात आणि फर्मवेअरमध्ये दोन्ही नोंदी कराव्यात. पहिली डिस्क मुद्दाम बाजूला ठेवून सर्व्हर सुरू होतो का, याची चाचणी सर्व्हर सेवेत रुजू करण्यापूर्वीच घ्यावी.

९. क्रमांकाकडून ओळखीकडे

वरील सर्व दोषांचे मूळ एकच आहे. डिस्कचा पत्ता तिच्या रांगेतील जागेवरून लिहिला जातो आणि रांग बदलते. उपस्थितीपटावर नावांऐवजी केवळ ‘डावीकडून तिसरा’ असे लिहिले, तर बाकांची फेररचना होताच तो पट निरुपयोगी होईल. डिस्कच्या बाबतीतही पत्ता जागेवरून न लिहिता ओळखीवरून लिहिला पाहिजे.

त्यासाठीची साधने उपलब्ध आहेत. प्रत्येक फाइल प्रणालीला तयार होतानाच यूयूआयडी ही ओळख मिळते. एफएसटॅबमध्ये एसडीबी १ असे न लिहिता ती ओळख लिहावी. ग्रब २ मध्ये याच ओळखीने पार्टिशन शोधण्याची आज्ञा आहे. संपूर्ण डिस्कचा उल्लेख करावयाचा असेल, तेव्हा तिच्या मॉडेल व अनुक्रमांकावरून बनलेले नाव वापरावे. हे नाव लिनक्सच्या डिस्क विभागात ‘बाय-आयडी’ या शीर्षकाखाली मिळते. यूईएफआयच्या नोंदीतही पार्टिशनची ओळखच साठवलेली असते, ही त्या पद्धतीची जमेची बाजू होय. जी डिस्क जागेवर नसली तरी चालेल, तिच्या नोंदीला एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ हा पर्याय जोडावा; म्हणजे यूएसबी डिस्क काढलेली असल्याने सर्व्हर अडून बसणार नाही.

ओळखीची पद्धतही आंधळेपणाने स्वीकारता येत नाही. डिस्कची हुबेहूब प्रत केली, की ओळखीचीही प्रत होते. म्हणून प्रत पूर्ण झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवावी किंवा प्रतीची ओळख बदलावी. तसेच फाइल प्रणाली पुन्हा फॉरमॅट केल्यास तिला नवी ओळख मिळते आणि तक्त्यातील जुनी नोंद निरर्थक होते, याचेही भान ठेवावे.

यांत्रिक उपायांइतकाच कागदाचा उपाय मोलाचा आहे. प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूवर तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि तिचे काम लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. कोणत्या खणात कोणती डिस्क, फर्मवेअरमधील दोन्ही याद्या आणि बूटची पद्धत यांची नोंद सर्व्हरजवळच्या वहीत ठेवावी. डिस्क जोडली किंवा काढली, की सोयीच्या वेळी, जबाबदार व्यक्ती समोर असताना, सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. असे केल्यास कारण आणि परिणाम यांतील तीन महिन्यांचे अंतर दहा मिनिटांवर येते.

१०. निष्कर्ष

१) सर्व्हर सुरू न होणे आणि डिस्क निकामी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा निष्कर्ष काढू नये.

२) जोडणी, फर्मवेअर, बूट लोडर आणि कार्यप्रणाली यांचे डिस्कचे क्रम स्वतंत्र असतात. एका क्रमातील पहिली डिस्क दुसऱ्या क्रमातही पहिली असेल, हे गृहीतक धोक्याचे आहे.

३) शेवटच्या संदेशावरून तुटलेली कडी ओळखता येते. ती ओळखण्यापूर्वी केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नसून प्रयोग ठरते.

४) वाचन आधी व लेखन शेवटी, हा निदानाचा नियम पाळल्यास बूट क्रमाच्या दोषातून माहितीचे नुकसान होण्याचे कारण उरत नाही.

५) पत्ता क्रमांकाऐवजी ओळखीने नोंदवणे, बूट लोडर संचातील सर्व डिस्कवर ठेवणे आणि प्रत्येक बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करून पाहणे, या तीन सवयींनी हा दोष बहुतांशी टाळता येतो.

संस्थेच्या सर्व्हरवर साठलेली माहिती ही तेथे काम करणाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या श्रमाची पुंजी असते. सर्व्हर उभा राहत नाही त्या घटकेला ती पुंजी प्रायः सुरक्षित असते. ती तशीच राहणे त्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असते.